पाय आणि वस्तरा

गेल्या रविवारी बेसमेंट आवरायला घेतलं. (दर वर्षी घेते. दर वर्षी एक खोका उघडते, त्यातलं वाचत बसते आणि तो तसाच बंद करते.) ह्या वेळी एका जुन्या पर्समध्ये घडी घातलेला पेपर नॅपकिन सापडला. त्यावर माझ्या गिचमिड अक्षरात लिहिलेलं:

"न्हावी - जुना कैदी, निरपराध. म्हातारा - न्यायाधीश, वाईट माणूस. बाई - पायवाली. आता दोघं मिळून माणसांचे पाय करणार."

तुम्हाला वाटेल हिचं डोकं फिरलं. थांबा, सांगते. बरेच दिवस लिहायचं लिहायचं म्हणून राहून गेलेली गोष्ट आहे ही, २०१८ च्या ऑगस्टमधली. नातेवाईक मंडळींपैकी काहींना अर्धी माहीत आहे, "त्या पोरीने बाबांना खुनाच्या नाटकाला नेलं" एवढीच. उरलेली अर्धी आज.

त्या वर्षी आई-बाबा इकडे एडिसनला आले होते. आमचं घर कुडाळजवळचं, त्यामुळे गणपतीआधी परत जायचं हे तिकीट काढतानाच ठरलेलं. बाबा निवृत्त शाळामास्तर. वर्गात आवाज असा की शेजारच्या वर्गातली पोरंसुद्धा गप्प बसायची. पण त्याच्या दोनेक वर्षं आधीपासून त्यांना ऐकू येणं बरंच कमी झालं होतं. कानात यंत्र होतं, पण यंत्राने सगळंच मोठं होतं. पंखासुद्धा, भांडीसुद्धा, लांबच्या खोलीतला टीव्हीसुद्धा. नेमकं माणसाचं बोलणं तेवढं त्यात हरवतं.

ज्यांच्या घरी असं कुणी आहे त्यांना पुढचं सांगायला नको. बाबा चार माणसांत बसले की सगळे हसून झाल्यावर हसायचे. कुणी काही विचारलं की "हो हो" म्हणायचे. जत्रेला जायचे ते देवळात पाया पडून लगेच परत. आणि मी? मी त्यांच्या वतीने उत्तरं द्यायला लागले होते. विमानतळावर अधिकाऱ्याने त्यांना विचारलं "किती दिवस राहणार?", उत्तर मी दिलं. दुकानात "पिशवी हवी का?", मीच. डॉक्टरने "कुठे दुखतंय?" विचारलं तरी मीच. मला वाटायचं मी त्यांची सोय करतेय.

तर त्या सुट्टीत त्यांना काहीतरी दाखवायचं होतं. नायगारा झाला, वॉशिंग्टन झालं, स्वातंत्र्यदेवीला प्रदक्षिणा झाली. नाटक दाखवावं असं मनात होतं, कारण बाबांचं सगळ्यात मोठं वेड तेच. पण ब्रॉडवेची मोठी थिएटरं म्हणजे दीड-दोन हजार खुर्च्या, आपल्या खिशाला परवडणारी जागा वरच्या माळ्यावर, आणि तिथून नट मुंगीएवढा. ऐकू येत नाही त्याने निदान बघावं तरी काय?

तेव्हा ऑफिसातल्या एका मैत्रिणीने सांगितलं की ग्रीनिच व्हिलेजात एक 'स्वीनी टॉड' चाललंय, शेवटचे दहा-पंधरा दिवस राहिलेत, जा. आख्खं थिएटर म्हणे एका खानावळीसारखं केलंय, सगळी मिळून सुमारे १३० माणसं बसतात, आणि नट तुमच्या टेबलावरून चालतात.

ज्यांना हे नाटक माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं. 'स्वीनी टॉड' हे स्टीव्हन सॉन्डहाइमचं संगीत नाटक. आपल्या अर्थानेही संगीत नाटकच म्हणायला हरकत नाही, कारण बरंचसं गाण्यातूनच पुढे सरकतं. १९७९ साली ब्रॉडवेवर पहिल्यांदा आलं. गोष्ट जुन्या लंडनमधली. एका दुष्ट न्यायाधीशाने एका न्हाव्याला खोट्या आरोपावरून काळ्या पाण्यावर, म्हणजे ऑस्ट्रेलियाला धाडलेलं असतं. का, तर त्याच्या बायकोवर डोळा म्हणून. पंधरा वर्षांनी तो नाव बदलून परत येतो, ते नाव स्वीनी टॉड. त्याच्या जुन्या खोलीखाली मिसेस लव्हेट नावाच्या बाईचं पायचं दुकान असतं. धंदा बसलेला, मांस महाग. तिने त्याचे वस्तरे जपून ठेवलेले असतात. वर तो गळे चिरायला लागतो आणि खाली हिच्या पायला चव येते. पुढचं तुम्ही ओळखलंत.

पहिल्यांदा केलं तेव्हा हॅरल्ड प्रिन्स ह्या दिग्दर्शकाने त्यासाठी प्रचंड मोठ्या थिएटरात लोखंडी कारखान्याचा सांगाडाच उभा केला होता. हा प्रयोग नेमका उलट्या टोकाचा. लंडनच्या टूटिंग भागात हॅरिंग्टन्स नावाचं १९०८ पासूनचं पाय-मॅशचं खरंखुरं दुकान होतं. २०१४ साली टूटिंग आर्ट्स क्लबच्या मंडळींनी ह्या दुकानातच, त्यातल्याच बाकांवर मोजकी माणसं बसवून हे नाटक केलं. ते इतकं गाजलं की पुढच्या वर्षी लंडनच्या नाटकवाल्या वस्तीत गेलं आणि २०१७ मध्ये न्यूयॉर्कला बॅरो स्ट्रीट थिएटरात आलं. येताना दुकानच घेऊन आले म्हणा ना! लांबलचक अरुंद टेबलं, बाकं, एक काउंटर, मागे जिना.

मी घरी सांगितलं, "बाबा, नाटकाला जायचंय. आधी तिथे पाय खायचा."

बाबांनी कपाळाला आठ्या घालून आईकडे बघितलं. "पाय? कोणाचा पाय?"

आता ह्यावर काय सांगणार? सगळी कथा सांगितली तेव्हा आईने हात जोडले. "श्रावण लागलाय. खून, मांस... मला नको बाई. मी नातवाजवळ बसते." बाबा मात्र हसले. "चिंता नको. श्रावणात आपण माणूस खात नाय हां."

(त्या वर्षी अधिक महिना येऊन गेला होता, त्यामुळे श्रावण ऑगस्टच्या मध्यावर लागलेला. व्हेज पायची सोय आहे हे मी आधीच बघून ठेवलं होतं.)

शुक्रवारी संध्याकाळी एडिसनहून गाडी, पेन स्टेशनला उतरून एक नंबरची सबवे, ख्रिस्तोफर स्ट्रीटला बाहेर. तिथून पाच मिनिटं. आत शिरलो आणि बाबा दारातच थबकले. पडदा नाही, रंगमंच नाही. मिणमिणते दिवे, मेणबत्त्या, काळपट भिंती, आणि टेबलांवर दाटीवाटीने बसून खाणारी माणसं. आम्हाला एका टेबलाच्या टोकाला जागा मिळाली. समोर अनोळखी माणसं, गुडघ्याला गुडघा. आपल्याकडे लग्नाच्या पंगतीत बसतो ना, तसं. फरक एवढाच की पंगतीत ताटावर नजर ठेवता येते. इथे समोरच्याच्या तोंडाकडे बघण्यावाचून गत्यंतर नाही.

वाढायला आलेल्या मुलीने बाबांना विचारलं, चिकन की व्हेजिटेबल? मी नेहमीप्रमाणे पटकन म्हटलं, "व्हेजिटेबल फॉर हिम." ती मला हसून 'हो' म्हणाली, पण हलली नाही. बाबांच्या समोर वाकली, दोन बोटांनी दोन पाय दाखवले आणि त्यांच्याकडे बघत परत विचारलं. बाबा म्हणाले, "व्हेज. थँक्यू." तेवढंच. तेव्हा मला त्याचं काही वाटलं नाही. उलट, मी सांगितलं होतं की हिला, असंच वाटलं असेल.

पायची पाककृती होती बिल योसेस ह्यांची. हे गृहस्थ व्हाइट हाऊसमध्ये पेस्ट्री शेफ होते, बुशच्या शेवटच्या वर्षांत आणि नंतर ओबामांकडे. हे बाबांना सांगितल्यावर त्यांनी पायकडे जरा आदराने बघितलं. आत भाजी, वर खुसखुशीत कवच, बाजूला बटाट्याचा लगदा. "बरा आसा. मीठ कमी." असा शेरा मिळाला. ओबामांच्या आचाऱ्याला!

मग ताटल्या उचलल्या आणि कधी सुरू झालं तेच कळलं नाही. घंटा नाही, 'मोबाइल बंद करा'नंतरची ती शांतताही नाही. पियानो, व्हायोलिन, क्लॅरिनेट, एवढीच तीन माणसं वाजवणारी. नट आठ. पण ते आठ जण एकदम गायला लागले आणि त्यातला एक माझ्या खांद्यापासून हातभर अंतरावर होता. एवढ्या जवळ कुणी गायलं की आवाज नुसता कानात जात नाही. त्याच्या गळ्याची शीर दिसते, श्वास घेतलेला ऐकू येतो, थुंकीसुद्धा उडते.

मी बाबांकडे बघितलं. ते पुढे झुकून बसले होते. मला एकदम ते देवळाच्या अंगणातले बाबा दिसले.

इथे थोडं विषयांतर. माझ्या लहानपणी गावच्या जत्रेला दशावतार असायचा. मध्यरात्रीच्या सुमाराला सुरू व्हायचा तो पहाटे दहीकाल्याने संपायचा. पडदा असला तर एखादा, नेपथ्य म्हणजे एक लाकडी बाक. तेच सिंहासन, तोच रथ, तोच पर्वत. लिहिलेली संहिता नाही, दिवसा कथा ठरवायची आणि रात्री ज्याचे त्याने संवाद रचायचे. साथीला पेटी, मृदंग, झांज. आणि संकासुर! काळा वेश, लाल जीभ बाहेर, गावातल्या माणसांची नावं घेऊन टिंगल करणारा. राक्षस यायचा तो कित्येकदा आमच्या मागून, गर्दीतून आरोळ्या ठोकत. आम्ही पोरं किंचाळून बाबांच्या सदऱ्यात तोंड लपवायचो. बाबांची जागा ठरलेली, पहिल्या ओळीत पेटीवाल्याच्या बाजूला. चांगलं पद झालं की मान हलवून "वा!" म्हणायचे, आणि गाणारा त्यांच्याकडे बघून पुढची तान घ्यायचा. मला वाटायचं राजा आमच्या बाबांनाच गाऊन दाखवतोय.

तर बॅरो स्ट्रीटवर बाबा तसे बसले होते. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली.

आणि तेवढ्यात शिट्टी वाजली.

ह्या प्रयोगात रक्त नव्हतं. गळा चिरला की दिवे लालभडक व्हायचे आणि कान फाटेल अशी कर्कश शिट्टी. चांगले कान असलेले आम्ही सगळे बाकावरून उडालो. बाबांनी दोन्ही हात कानांवर नेले, चेहरा पिळवटला. यंत्राने ती शिट्टी किती पट केली असेल देव जाणे. दिवे परत मंद झाले तेव्हा त्यांनी दोन्ही यंत्रं काढली, रुमालात गुंडाळली आणि खिशात ठेवली.

झालं. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. एवढं करून आणलं आणि आता त्यांना काहीसुद्धा ऐकू येणार नाही. अजून पहिला अंकसुद्धा संपला नाही. मी त्यांच्या दंडाला हात लावून खुणेने विचारलं, "जाऊया?" त्यांनी मान हलवली. नाही. आणि उजवा तळवा टेबलावर पालथा ठेवला, टेकवून, बोटं पसरून. तो मग तिथेच राहिला.

पहिल्या अंकाच्या शेवटाकडे टॉडच्या हातून न्यायाधीश निसटतो आणि त्याचं डोकं फिरतं. आता एक न्यायाधीश कशाला, सगळेच मरायच्या लायकीचे! ह्या गाण्यात तो समोर बसलेल्या लोकांवरच वळतो, या, दाढी करून देतो, कोण येतंय? मोठ्या थिएटरात हे अंधारात बसलेल्या हजारोंना उद्देशून होत असणार, म्हणजे कुणालाच नाही. इथे तो टेबलावर चढला. त्याचे जाडजूड बूट माझ्या ग्लासाजवळून गेले. (पाय खायला आलो आणि पायच आले, असं मी नंतर आईला सांगितलं.) लोक मागे सरकत होते, कुणी हसत होतं, कुणी खाली बघत होतं. आमच्या टोकाला येऊन तो वाकला आणि वस्तरा धरून थेट बाबांच्या डोळ्यात बघायला लागला.

मी नजर चुकवली. खरं सांगते. माझ्याकडे बघत नव्हता तरी चुकवली.

बाबांनी नाही चुकवली. ते त्याच्याकडे बघत राहिले, शांतपणे. मग हळूच आपली हनुवटी वर केली आणि गालावरून हात फिरवून दाखवला. सकाळीच केलीय दाढी! टेबलावरची माणसं फसकन हसली. नट हसला नाही. तो तसाच दोन क्षण बाबांकडे बघत गात राहिला, मग पुढच्या माणसावर झेपावला.

मी बाबांकडे बघत बसले. माझ्या मनात हिशोब चालू झाला होता. एवढा वेळ कुणी ह्यांच्या डोळ्यात बघून काही बोललंय, असं शेवटचं कधी झालं? घरात आम्ही काय करतो? स्वयंपाकघरातून ओरडतो. नाही ऐकलं तर परत ओरडतो. तिसऱ्यांदा नाही ऐकलं तर "जाऊ दे" म्हणतो. त्यांना ऐकू गेलेला आमच्या बोलण्यातला सगळ्यात स्पष्ट शब्द बहुतेक "जाऊ दे" हाच असणार.

मध्यंतरात मी तो नॅपकिन लिहिला. त्याआधीचं गाणं म्हणजे टॉड आणि मिसेस लव्हेट मिळून कुठल्या धंद्याच्या माणसाचा पाय कसा लागेल ह्याची यादी करतात ते, आणि ते इतकं विनोदी आहे की पोट धरून हसावं. हसता हसता लक्षात येतं की आपल्या पोटात पाय आहे. समोर बसलेल्या बाईची आणि माझी त्या वेळी नजरानजर झाली. अनोळखी बाई. दोघींनी एकदमच तोंडावर हात ठेवला. अंधारात बसून नाटक बघताना आपण हसलो ते कुणी बघत नाही. इथे आपण कशाला हसलो हे दुसऱ्याने बघितलेलं असतं.

बाबांनी नॅपकिन वाचला, मान डोलावली आणि म्हणाले, "ह्या माका कळला हा." थोडे वैतागूनच. मास्तरांना उत्तरपत्रिका दाखवल्यासारखं.

दुसरा अंक सुरू होतो तो दुकानाच्या भरभराटीने. गिऱ्हाइकांची झुंबड. आता ती गिऱ्हाइकं कोण? आम्हीच की. मिसेस लव्हेट टेबलाटेबलांतून लगबगीने फिरत होती. नट बाकांवर, टेबलांवर बूट आपटत होते आणि आमचं टेबल ढोलासारखं घुमत होतं. बाबांचा तळवा तिथेच. मी पण माझा ठेवून बघितला. तेव्हा कळलं! पायांचे ठेके, मुठींचे ठोके, आणि मध्येच कुठेतरी खालच्या सुरांची बारीक थरथर, सगळं लाकडातून येत होतं. ताल तर पूर्ण. बाबांचा अंगठा बरोबर समेवर पडत होता.

पुढे शिट्ट्या कितीतरी झाल्या. मी प्रत्येक वेळी दचकले. बाबा फक्त लाल उजेडात डोळे बारीक करायचे.

(आता शेवट सांगणार आहे. ज्यांना नाटक किंवा सिनेमा बघायचाय त्यांनी पुढचा परिच्छेद सोडावा.)

नाटकभर एक वेडसर भिकारीण येत-जात असते. सगळे तिला हाकलतात. टॉडला वाटत असतं आपली बायको विष खाऊन मेली. शेवटी ही भिकारीण नको त्या वेळी त्याच्या खोलीत शिरते. न्यायाधीश कुठल्याही क्षणी येणार, ही मध्ये नको, म्हणून तो घाईघाईत तिचाही गळा चिरतो. आणि न्यायाधीशाला मारून झाल्यावर, खाली भट्टीच्या उजेडात, तिचं तोंड नीट दिसतं. ती त्याची बायको असते.

टाळ्या झाल्या. बाबा हात वर करून टाळ्या वाजवत होते आणि मग त्यांनी टेबलावर दोनदा थाप मारली, मृदंगावर मारावी तशी.

बाहेर आलो. ऑगस्टमधली दमट रात्र, बॅरो स्ट्रीटवर झाडं, लाल विटांची घरं, रस्ता बऱ्यापैकी शांत. गाडी गाठायची म्हणून मी भराभर चालत होते आणि चालता चालता त्यांना दुसऱ्या अंकाची गोष्ट सांगत होते, मोठ्याने. अर्धा रस्ता गेल्यावर लक्षात आलं की शेजारी कुणी नाही. बाबा मागे एका दिव्याखाली उभे.

मी परत गेले. "काय झालं? दमलात?"

"तू खय बघून सांगतस?" बाबा म्हणाले. रागाने नाही. "माझ्या तोंडाकडे बघान सांग."

यंत्रं अजून रुमालातच होती. मी त्यांच्यासमोर उभी राहिले आणि सांगायला लागले. ओरडले नाही. हळू, तोंड दिसेल असं. आश्चर्य म्हणजे त्यांना बरंच कळत होतं. भिकारणीपर्यंत आले तेव्हा त्यांनी हात वर करून थांबवलं.

"ती बायल त्याचीच, ह्या तुका कधी कळला?"

"शेवटी. तो तोंड बघतो तेव्हा."

"माका आधीच कळला." मग मास्तरांच्या मराठीत समजावून सांगितलं, वर्गात सांगावं तसं. "ती त्याच्यासमोर आली की थांबत होती. बाकी कुणासमोर तशी नाही थांबायची. त्याच्या तोंडाकडे निरखून बघायची. ओळख लागतेय, लागत नाही, अशी. तो मात्र एकदाही बघत नव्हता तिच्याकडे. त्याचं लक्ष सगळं त्या म्हाताऱ्यावर."

मी गप्प. मला ऐकू येत होतं म्हणून मी गाणं ऐकत होते, वेडसर बाईची बडबड म्हणून सोडून देत होते. चांगले दोन कान असून माझ्या हातून जे सुटलं ते त्यांनी नुसतं बघून पकडलं होतं. टॉडकडेही बायकोकडे बघायला पंधरा वर्षांनी एक संध्याकाळ मिळाली होती की. पण तो घाईत होता.

आमची गाडी चुकली. पुढच्या गाडीसाठी पेन स्टेशनात बसलो तेव्हा तिथल्या कॉफीवाल्याने बाबांना काहीतरी विचारलं. माझं तोंड उघडलंच होतं. मी ते मिटलं. बाबांनी त्याच्याकडे बघितलं, त्याने परत विचारलं, बाबांनी बोटाने छोटा कप दाखवला. कॉफी आली. पाच सेकंदं जास्त लागली असतील.

लगेच सगळं बदललं, असं सांगितलं तर खोटं होईल. दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वयंपाकघरातून "बाबाऽऽ, चहाऽऽ" म्हणून ओरडलेच. सवय काही अशी जात नाही. पण त्यानंतर निदान ओरडल्यावर लाज वाटते. मग बाहेर जाते, समोर बसते आणि विचारते. आईनेही हळूहळू तेच सुरू केलं. आणि परत गेल्यावर त्या डिसेंबरात बाबा जत्रेला दशावताराला जाऊन बसले, यंत्र खिशात, पेटीवाल्याच्या बाजूला, एक हात बाकाला टेकवून. हे मला भावाने कळवलं. "पहाटेपर्यंत बसलेत, ह्या वयात काय हे," अशी तक्रार म्हणून. :)

ते नाटक त्याच महिन्याच्या २६ तारखेला बंद झालं. म्हणजे आम्ही अगदी काठावर गाठलं. २०२० मध्ये तर सगळीच थिएटरं बंद पडली, आणि कोण कुणाच्या किती जवळ बसणार ह्याचीच भीती झाली. त्या काळात मला ते दाटीचं टेबल फार आठवायचं. अनोळखी माणसाच्या गुडघ्याला गुडघा लावून, एकाच टेबलावर तळवे टेकून बसलेलो आम्ही.

२०२१ च्या नोव्हेंबरात सॉन्डहाइम गेले, ९१ वर्षांचे होऊन. मी व्हिडिओ कॉलवर बाबांना सांगितलं. आधी कळलं नाही. मी गळ्यावरून बोट फिरवून दाखवलं.

"वस्तरावाला?"

"हो. त्याची गाणी करणारे."

बाबा थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "चांगला केल्यानी. बाक मस्त वाजत होता."

नॅपकिन मी परत घडी घालून ठेवलाय. रविवारी रात्री फोन केला तेव्हा दाखवायचा होता, म्हणून एका हातात तो आणि एका हातात फोन अशी कसरत चालली होती. तिकडे सकाळ. बाबा ओट्यावर बसलेले, कपाळाला आठ्या.

"गो, फोन नीट धर," म्हणाले. "अर्धाच तोंड दिसता."